नोक

गुदैबियात, मशिदीमागच्या बोळात,
दोन दुकानं एकाच भिंतीला पाठ लावून उभी.
डावीकडचं बायकांचं. काचेला दुधी कागद,
पुरुषांनी आत येऊ नये, हे तीन भाषांत.
उजवीकडचं आमचं, जेन्ट्स सलून, काच उघडी,
आत शिरताना कुणी काही विचारत नाही.

नोक उजवीकडे काम करतो.
हे क्रियापद मी अजून पक्कं केलेलं नाही.
पासपोर्टवर जे अक्षर आहे
त्याला उजवीकडचाच दरवाजा लागू पडतो.

नोक म्हणजे पक्षी, थायलंडात.
माझ्याकडे नोक म्हणजे टोक, सुईचं, कात्रीचं.
कात्री कानामागून जाते तेव्हा
दोन्ही अर्थ अंगावर येतात.

मी स्पेअरपार्टच्या गोडाऊनला, एकोणीस वर्षं.
सुट्टीवर निघायच्या आधी मिशीला कलप लावून घेतो,
म्हणजे कागलच्या स्टँडवर
गेलो होतो तेवढाच उतरतो.
याला नटणं म्हणत नाहीत, अशी माझी समजूत.
नटतात बायका. आपण नुसते नीटनेटके.
नोक एकेक केस रंगवत होता, आणि आरशातून हसला:
"सेम-सेम, बॉस. यू अल्सो मेकअप."

पहिल्या वर्षी खोलीवर मी नक्कल करून दाखवलेली,
ती चाल, मान वेळावणं, कंगव्याची करंगळी.
देवरुखकर हसून हसून खाटेवरून खाली.
अजून ते आठवतं आणि खुर्चीत मान ताठ होते.
"रिलॅक्स," नोक म्हणतो, दोन बोटांनी ती खाली दाबतो.

गिऱ्हाईक असेपर्यंत
त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ख्राप".
तिकडे पुरुष तसं म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.
रात्री साडेदहाला शटर अर्ध्यावर येतं,
डावीकडून सुदा आणि तिची बहीण मागच्या दारानं,
चिकट भाताचा डबा, कुटलेली मिरची,
आणि मग नोकच्याही तोंडी,
वाक्यामागून वाक्याला,
खा.
खा.
मी गालाला साबण लावून बसलेलो,
मला वाटलं, जेवायचा आग्रह चाललाय.
तसं फार चुकलं नाही. माझ्याही तळहातावर भात आला.

त्याच रात्री बादली लवंडली.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत काळे बंद बूट,
बुटांत मोजे, मोज्यांत
दहा नखं. डाळिंबी.
कडेला एक रेघ बाहेर गेलेली नाही.
मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.
सुदानं फडकं टाकलं. बूट पुन्हा चढले.

आमची आई जन्मभर "मी आलो", "मी जेवलो".
लुगडं, डोरलं, आणि क्रियापद बाप्याचं.
आमच्याकडं सगळ्याच बाया तशा बोलतात.
शाळेत पुण्याहून आलेल्या बाई एकदा हसल्या,
तर आई म्हणाली, "मग काय झालं?
आलो न्हवं मी?"

काल व्हिडिओवर शेवंता म्हणाली,
"यंदा केस बरे कापलेत. कोण कापतं?"
"नोक म्हणून आहेत एक."
आहेत म्हटलं. त्यात कुणीही मावतं.
"बाप्या का बाई?"
मी म्हटलं, "रेंज जातीये."
रेंज चांगली होती. खिडकीत बसून होतो,
हातात कलपाची बाटली, उन्हासमोर धरलेली.
निम्मी उरलीय.
या सुट्टीपुरती होईल.